हर्णै ते जयगड: शिडाची बोट, सासूबाई आणि धुकं (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा)

उलटंशीड

मंडळी, जानेवारीतली गोष्ट आहे, लिहू की नको करत दोन महिने गेले. काल मेव्हण्याने परत "फेब्रुवारीत राहिलं, निदान मार्चमध्ये तरी जाऊ" असं सुरू केलं म्हणून म्हटलं आधी इथे टाकू, चार जाणकार शिव्या घालतील, मग ठरवू.

बोट मेव्हण्याची. २८ फुटी, फायबरची, सेकंडहँड, खाली कील (तळाखाली उतरलेली जड पाती) असल्याने साडेचार फूट पाणी लागतं. मांडव्याहून निघायचं, मुरूड-जंजिरा, हर्णै, जयगड असे मुक्काम करत रत्नागिरी, तिथून बायकापोरं रेल्वेने परत असा बेत. माणसं सहा: मी, बायको, अकरा वर्षांची लेक, मेव्हणा, सासूबाई (वय ६८, माहेर गुहागरकडचं) आणि मेव्हण्याचा एक मित्र, ज्याला आपण कप्तान म्हणू, कारण त्याने कुठेतरी आठ दिवसांचा कोर्स केलाय आणि तेव्हापासून तो डाव्या बाजूला डावी म्हणतच नाही.

पहिले दोन दिवस काय सांगू! सकाळी जमिनीकडून मतलई वारा, दुपारी समुद्रावरून वायव्येचा खारा वारा, शीड भरलेलं, खांदेरी मागे पडली, कोर्लई मागे पडली, लेकीला बोट लागली ती तासाभरात उतरली. हर्णैला सुवर्णदुर्गाच्या आडोशाला नांगर टाकला, संध्याकाळी बंदरावर लिलाव बघितला, सुरमई घेतली. सगळं छान चाललं की समजावं काहीतरी शिजतंय.

शिजलं ते असं, की मेव्हण्याने जयगडच्या पाहुण्यांना "उद्या दुपारी जेवायला येतो" असं फोनवर सांगून टाकलं. हर्णै ते जयगड साधारण ३२ सागरी मैल, आमची बोट ताशी साडेचार मैल जाते, म्हणून पहाटे साडेचारला नांगर उचलला. वद्य तृतीया, पश्चिमेला लख्ख चंद्र, किनाऱ्यावरचे दिवे दिसतायत. वारा अगदी मंद म्हणून शीड नुसतं शोभेला आणि इंजिन चालू. सासूबाई आणि पोरगी सोबत आहेत, फार बाहेर नको, दिवे दिसतील असं किनाऱ्याला धरून जाऊ असं एकमताने ठरलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

साडेसहाच्या सुमारास चंद्राभोवती कडं दिसायला लागलं. मग चंद्र दुधात पडलेल्या बिस्किटासारखा विरघळला. सात वाजून गेले, म्हणजे उजाडायला हवं, तर उजाडलं खरं पण सगळीकडून सारखंच, नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकाला) उभी असलेली लेक मला सुकाणूवरून दिसेना. शीड ओलं, दोर ओले, चष्मा ओला. कोळथऱ्याच्या पुढे, दाभोळ खाडीच्या आसपास कुठेतरी असणार एवढंच माहीत.

आता तुम्ही म्हणाल जीपीएस. तर ऐका. बोटीवरच्या चार्टप्लॉटरचा फ्यूज पहाटे सहाला उडाला होता, कारण मी इन्व्हर्टरवर चहाची इलेक्ट्रिक किटली लावली. सुटा फ्यूज होता, कुठल्या डब्यात ते कोणाला आठवेना. फोनवर नकाशा होता पण रेंज नाही आणि तो भाग डाउनलोड केलेला नाही. निळ्या समुद्रात निळा ठिपका. बघत बसा.

साडेसातला खालून धप्प असा आवाज आला आणि इंजिन बंद पडलं. मागे बघतो तर तेलाचा रिकामा कॅन, थर्माकोलचा तुकडा आणि हिरवा दोर. कोणाचं तरी जाळं आमच्या पंख्यात.

मग भांडण. कप्तान म्हणे मी उतरतो आणि कापतो. मेव्हणा म्हणे जाळं गरीब माणसाचं आहे कापायचं नाही. मी म्हटलं आधी नांगर टाका. दहाएक मिनिटं यात गेली. शेवटी नांगर टाकला, पाणी सात वाव, दोर सगळा मिळून ४० मीटर.

आणि तेवढ्यात भोंगा. लांब, खोल, पोटात वाजणारा. मग शांतता. मग परत. आमचा गॅसचा भोंगा काढला तर फुस्स, कारण लेकीच्या वाढदिवसाला सगळ्या पोरांनी मिळून तो संपवला होता आणि त्या पोरांत मीही होतो. आता काय करायचं म्हणून सगळे एकमेकांकडे बघतायत तर सासूबाई खाली गेल्या आणि पूजेची पितळी घंटा घेऊन वर आल्या. प्रवासातही त्यांचा बाळकृष्ण बरोबर असतो. त्यांनी जी घंटा धरली ती चाळीस मिनिटं सोडली नाही. लेकीने ताट आणि डाव घेतला. कप्तान वॉकीटॉकीवर सोळा नंबर (संकटात हाक द्यायच्या) चॅनेलवर इंग्रजीत काहीतरी बोलत होता, त्याचं इंग्रजी त्या दिवशी फार हळू झालं होतं. एकदा पलीकडून कोणीतरी बोललं, त्यातलं "एंकर" एवढंच समजलं.

ते जहाज आम्हाला शेवटपर्यंत दिसलं नाही. भोंगा डावीकडे होता, मग म्हणे समोर, मग म्हणे मागे. आणि मग एकदम, वारा नाही काही नाही, तीन मोठ्या लाटा आल्या, बोट आडवी झाली, लाडवांचा डबा पाण्यात. तेवढाच त्याचा पुरावा. सासूबाईंची घंटा एक क्षण थांबली आणि परत सुरू झाली.

साडेनवाच्या सुमारास त्याच म्हणाल्या, "सुकटीचा वास येतोय, आणि ती बघ एसटी, चढ चढतेय." आम्हाला काही ऐकू येईना, मग आलं. गिअर बदलल्याचा आवाज. आम्ही समजत होतो की किनाऱ्यापासून दोन मैल आहोत. पंधरा मिनिटांनी धुकं पडद्यासारखं वर गेलं तेव्हा समोर काळे खडक आणि त्यावर फुटणारं पाणी, अंतर फार तर पाचसहाशे मीटर. नांगर सरकत होता.

बाकीचं प्रतिसादात लिहितो, ऑफिसात आहे.

हहपुवा_मास्तर

इलेक्ट्रिक किटली!!! हहपुवा (हसून हसून पुरेवाट). अहो गॅस नव्हता का बोटीवर?

उलटंशीड

होता की. पण हिला धूर नको होता.

उलटंशीडची_बायको

खास हा प्रतिसाद द्यायला आयडी काढलाय. १) धूर नको असं मी म्हटलं नव्हतं, किटली यांचीच, ऑनलाइन सेलमधली. २) नांगर टाकायचा वाद दहा मिनिटं नाही, पंचवीस मिनिटं चालला, मी घड्याळ बघत होते. ३) नांगर टाका असं यांनी नाही, आईने सांगितलं. बाकी बरोबर आहे.

खर्जाचा_भोंगा

मी बावीस वर्षं व्यापारी जहाजांवर होतो, आता घरी. लाडवांचं वाईट वाटलं. काही गोष्टी लिहितो, रागावू नका.

धुक्यात चालत्या इंजिनाच्या जहाजाने जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक लांब भोंगा द्यायचा, लांब म्हणजे चार ते सहा सेकंद. शिडावर चाललेल्या बोटीने एक लांब आणि लगेच दोन आखूड. तुम्ही शीड वर ठेवून इंजिनावर चालला होतात, म्हणजे नियमाने तुम्ही इंजिनाची बोट, शिडाची नाही. हे पुष्कळांना माहीत नसतं. आणि नांगरावर असलेल्या जहाजाने दर मिनिटाला पाच सेकंद घंटा भराभर वाजवायची. म्हणजे तुमच्या सासूबाईंनी नकळत बरोबर तेच केलं जे नांगरावरच्या बोटीने करायचं असतं. फक्त पाच सेकंदांच्या ऐवजी चाळीस मिनिटं. १२ मीटरपेक्षा लहान बोटीला घंटेची सक्ती नाही, दोन मिनिटांच्या आत कुठलाही कामाचा आवाज केला तरी चालतो, पण बोट चालू असताना घंटा बडवू नका, ऐकणारा समजेल की तुम्ही एका जागी आहात.

आणि सलग वाजवण्यात एक मोठा तोटा आहे, मध्ये थांबल्याशिवाय समोरच्याचा भोंगा ऐकू येत नाही. वाजवायचं, थांबायचं, तोंड बंद ठेवून ऐकायचं. इंजिन चालू असेल तर अधूनमधून तेही बंद करून ऐकायचं.

भोंगा पोटात वाजला म्हणालात त्यावरून जहाज मोठं होतं. २०० मीटर आणि त्यावरच्या जहाजांचा भोंगा मुद्दाम खर्जातला ठेवतात. दाभोळला अंजनवेलच्या बाजूला गॅसची जहाजं येतात, पुढे जयगडलाही मोठी जहाजं लागतात, तेव्हा अशक्य काहीच नाही. धुक्यात आवाजाची दिशा मात्र कानाने ठरवू नका, भलेभले फसतात.

भांगाची_भरती

प्रतिसादाला +१

पण मला एक विचारायचंय, ते जहाज रडारवर यांना बघत नसेल का? २८ फूट म्हणजे काय छोटी वस्तू नाही.

खर्जाचा_भोंगा

फायबर रडारला फार कमी दिसतं. डोलकाठी ॲल्युमिनियमची असली तरी गोल, लहरी भलतीकडेच उडवते. त्यासाठी रडार रिफ्लेक्टर मिळतो, तीन पत्रे एकमेकांना काटकोनात बसवलेले, कोपऱ्यात आलेली लहर आली तशी परत जाते. तो उंच टांगायचा. लाट असली की पडद्यावर तसाही कचरा दिसतो, त्यात एक बारीक ठिपका म्हणजे देवाची कृपा. आणि एआयएसच्या (जहाजाची जागा रेडिओवर कळवणाऱ्या यंत्राच्या) भरवशावर राहू नका, ज्याच्याकडे ते यंत्र आहे आणि चालू आहे तोच दिसतो. छोट्या होड्या त्यात शोधत बसाल तर सापडणार नाहीत.

घाटावरचा_माणूस

मला समुद्रातलं काही कळत नाही पण लहान मुलगी आणि म्हातारं माणूस घेऊन असले धंदे करायचेच कशाला हा साधा प्रश्न आहे. ट्रेनने जा ना. मांडवी एक्सप्रेसमध्ये खायला पण चांगलं मिळतं.

उलटंशीडची_बायको

आईला म्हातारं म्हटलेलं तिला दाखवलंय. "मी होते म्हणून घंटा तरी होती" असा निरोप आहे.

हापूसबाग

मी दाभोळ खाडीच्या वरच्या अंगाला राहतो, आंब्याची बाग आहे. तुम्हाला धुकं म्हणजे फजितीची गोष्ट, आमच्या पोटात गोळा येतो, मोहोरावर एकदा हे असं बसलं की भुरी आणि तुडतुडा ठरलेला, मग फवारण्या करत बसा. ते असो.

मला एक सांगायचंय जे बोटीवरून कधीच दिसत नाही. थंडीच्या दिवसांत मी पहाटे बागेत वर येतो तेव्हा खाली खाडी दिसत नाही, नुसता कापूस. आदल्या रात्री आभाळ निरभ्र, वारा पडलेला, तेव्हा डोंगरावरची गार हवा उताराने खाली येते आणि खाडीवर साचते, खाडीचं पाणी जानेवारीतही कोमट. पहाटेचा मतलई वारा तो कापूस हळूहळू ढकलत खाडीच्या तोंडातून समुद्रावर सोडतो, अक्षरशः नदीसारखा वाहत जाताना दिसतो. पण जातो किती? तोंडापासून थोडा बाहेर. तिथून पुढे समुद्र स्वच्छ निळा, त्यावर होड्या दिसतात, ऊन पडलेलं असतं! कोमट पाण्यावर तो फार टिकत नाही. तुम्ही किनारा धरून गेलात म्हणून बरोबर त्याच्या पोटात शिरलात. दोनतीन मैल बाहेरून गेला असतात तर डाव्या हाताला एक पांढरा पट्टा बघून म्हटलं असतं काय सुंदर दिसतंय.

उलटंशीड

@हापूसबाग, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. मेव्हण्याला पाठवला. आम्ही पोरीसाठी आणि सासूबाईंसाठी आत राहिलो, आणि आतच धुकं, आतच जाळी, आतच खडक.

बोया_आणि_बावटा

आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी, मी पहिला नोकरीवाला. लिहू का नको करत होतो.

बाबांनो, ते जाळं कोणाचं होतं याबद्दल धाग्यात एक ओळ नाही. तेलाचा कॅन आणि थर्माकोल तुम्हाला कचरा दिसतो, ती आमची खूण असते. जाळं मारून ठेवलं की एका टोकाला बावटा असतो, दुसऱ्या टोकाला बहुतेकदा होडीच असते आणि त्यात माणूस पेंगत असतो. कॅनची रांग दिसली की मधून घुसायचं नाही, बावट्याच्या बाहेरून वळसा घालायचा. पहाटे अंधारात खाडीच्या तोंडाशी जाळी असणार हे धरूनच चालायचं. धुक्यात दिसत नाहीत हे मान्य, मग धुक्यात चालायचंच नाही. आमचे आजोबा धुरकं आलं की पाण्याची खोली बघून नांगर टाकत आणि विडी पेटवत. जयगडचं जेवण कुठे पळून जात नव्हतं.

आणि वेळ कुठली निवडलीत? वद्य तृतीया म्हणालात. तिथीची पाऊणपट करा, तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे पहाटे सव्वादोनच्या आसपास भरती पूर्ण. आपल्याकडे दक्षिणेला थोडी आधीच. तिथून सहा तास ओहोटी. पौर्णिमेच्या जवळ म्हणजे पाण्याला उधाणाची ओढ. साडेसातला तुम्ही खाडीच्या जवळ, ओढ बाहेरच्या बाजूला. साडेआठच्या सुमारास पाणी फिरलं, भरती लागली, आणि तुमचा नांगर खडकाकडे सरकायला लागला. यात धुक्याचा काय दोष?

दोन_मीटर_खाली

तिथीची पाऊणपट!! माझे आजोबा हे करायचे, विसरलोच होतो. अष्टमीला सहा वाजता भरती, अमावास्या-पौर्णिमेला बारा वाजता. ॲपशिवाय.

बाकी "वाव" म्हणजे किती, कोणी सांगेल का?

बोया_आणि_बावटा

दोन्ही हात पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत. सहा फूट धरा. दोर ओढताना हातानेच मोजला जातो म्हणून.

खर्जाचा_भोंगा

मग हिशोब करा. सात वाव म्हणजे जवळजवळ तेरा मीटर पाणी, दोर ४० मीटर. म्हणजे तिप्पट. दोर खोलीच्या पाचपट तरी हवाच, सातपट चांगला, नाहीतर नांगर तळाला लोळत नाही, दोर त्याला वर उचलतो आणि तो नांगरटीसारखा माती उकरत येतो. तुमचा आला तसा.

उलटंशीड

@बोया_आणि_बावटा, बरोबर बोललात, आणि तोच भाग मी राखून ठेवला होता, खरं सांगायचं तर लाज वाटत होती म्हणून.

खडक दिसले तेव्हा आम्ही पुढच्या शिडाचे दोर, धक्क्याला बांधायचे दोर, जे मिळेल ते एकमेकांना बांधून नांगराचा दोर वाढवला. साठ-पासष्ट मीटर झाला असेल, तेव्हा कुठे नांगर धरला. वारा अजून नव्हता. कप्तानाने कपडे काढले, स्वयंपाकाची सुरी घेतली, आणि तेवढ्यात एक होडी आली. जाळ्याचे मालक. बाप आणि मुलगा. म्हातारे नाखवा लांबूनच ओरडले, "पाण्यात कोन उतरू नका, दोर पायात येईल." सुरुवातीला ते भडकलेले होते आणि भडकणारच. मग त्यांनी घंटेकडे बघितलं, सासूबाई अजून ती हातात धरून होत्या, आणि म्हणाले, "ही तुमी वाजवत होतात? आमी म्हटलं या दर्यात देऊळ कुठनं आलं." त्यांना धुक्यात आमचा पत्ता त्या घंटेनेच लागला होता.

मुलाने लांब काठीला कोयती बांधून बोटीवरूनच पंख्यातला दोर सोडवला, दोन ठिकाणी कापावा लागला. मग खाडीच्या बाहेर, जरा मोकळ्या पाण्यात आम्हाला ओढून सोडलं. जाळ्याचे पैसे किती ते विचारलं तर आधी घेईनात, मग मेव्हण्याने हात जोडले तेव्हा म्हणाले दोराचे आणि अर्ध्या दिवसाचे द्या, फाटलं ते आम्ही विणू. रक्कम लिहीत नाही पण आम्ही जी मनात धरली होती त्याच्या निम्मीही नव्हती. सासूबाईंनी लाडू द्यायला डबा शोधला आणि मग आठवलं डबा कुठे गेला ते.

अकराला खारा वारा लागला, शीड भरलं, डावीकडे अंजनवेलचा गोपाळगड आणि टाळकेश्वरचं दीपगृह मस्त उन्हात. जणू काही झालंच नाही. जयगडला चारला पोचलो. जेवण गार होतं.

घाटावरचा_माणूस

नाखवांचा भाग वाचून बरं वाटलं. माझा आधीचा प्रतिसाद जरा तिरका झाला, काढून टाकणार होतो पण आता सगळ्यांनी वाचलाय. सासूबाईंना नमस्कार सांगा.

भांगाची_भरती

कोस्ट गार्डला फोन नाही केला का? १५५४ नंबर आहे ना?

उलटंशीड

रेंजच नव्हती हो. आणि खरं म्हणजे चाळीस मिनिटं आम्हाला हेच कळत नव्हतं की आपण संकटात आहोत की नुसते अडकलोय. बायको म्हणते संकटात असणाऱ्याला ते शेवटीच कळतं. वॉकीटॉकीवर सोळा नंबरला आपण कुठे आहोत हे सांगायला तरी आधी आपण कुठे आहोत ते माहीत हवं. निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं की अक्षांश-रेखांश दिसतात, नकाशा नसला तरी, हे मला जयगडला जेवताना लेकीने सांगितलं. शाळेत नाही, गेममध्ये शिकली.

हहपुवा_मास्तर

लेकीला कप्तान करा.

बोया_आणि_बावटा

पैसे दिलेत हे आधी लिहायचं होतंत. मग मी एवढा चढलो नसतो.

मार्चमध्ये जाताय तर धुकं कमी मिळेल, दुपारचा वारा मात्र जोराचा. सकाळी निघा पण उजाडल्यावर, आणि हर्णैहून सरळ बाहेर पडा, मग दक्षिणेला वळा. खाडीच्या तोंडासमोरून लांबून जा. मे महिन्याच्या शेवटापर्यंत ठेवू नका, एक जूनपासून मासेमारीला बंदी लागते, त्याच्या आधी सगळ्यांची घाई असते, जाळी दाट असतात.

उलटंशीड

लिहून घेतलं. कालच नांगराचा दोर घेतला, ८० मीटर, जाड. सोबत रिफ्लेक्टर, दोन गॅसचे भोंगे (लेकीपासून लपवून) आणि फ्यूजचा डबा, ज्यावर मोठ्या अक्षरात फ्यूज असं लिहिलंय. मेव्हणा म्हणतोय दोर नाळेतल्या कप्प्यात मावत नाही, किटली काढ.